नंदाबाईचे चार पेले

दूध काढून झालं की नंदाबाई मोरमारे त्यातला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि तो कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघायची. म्हैस तिच्या स्वतःच्या गोठ्यातली, धार काढणारी ती स्वतः, मधे पाणी घालायला तिसरं माणूस नाही. तरी बघायची. "म्हशीचा तरी काय भरवसा?" असं ती म्हणे, आणि हे ती गमतीनं म्हणत नसे.

उंबरटेप ही नाणे मावळातली महादेव कोळ्यांची तीस-पस्तीस घरांची वाडी. कामशेतहून येणारी जीप खाली गावात थांबते, पुढे अर्ध्या तासाचा चढ. नंदाबाई या वाडीत सून म्हणून आली तेव्हा ती बऱ्यापैकी विश्वासू होती, असं जुनी माणसं सांगतात. मग नवऱ्याला देहूरोडला माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राटी काम लागलं आणि ती लोणावळ्यात एका हॉटेलच्या मोरीवर भांडी घासायला राहिली. आठ वर्षं तिनं मोरीवरून स्वयंपाकघर बघितलं. कालची भाजी आजची कशी होते, नळाचं पाणी सीलबंद कसं होतं आणि एकाच पातेल्यातून तीन नावांचे रस्से कसे निघतात, हे सगळं तिनं पाहिलं. वाडीत परत आली ती आठ वर्षांचा हा अभ्यास घेऊनच. त्यानंतर कामशेतच्या बाजारात ती तराजूच्या पारड्याखाली हात घालून बघू लागली. दुकानदार तिला लांबून ओळखत. एकानं तर तिला बघितल्यावर पारडं आपणच उलटं करून दाखवायची सवय लावून घेतली होती.

त्यामुळे ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला प्रत्येक वाडीतून एक बाई मागितली, तेव्हा उंबरटेपनं एकमुखानं नंदाबाईचं नाव दिलं. तिच्यावर विश्वास होता असं नव्हे. फुकटच्या संशयाला सरकारी काम लागतंय तर लागू दे, असा तो हिशेब होता.

प्रशिक्षण कामशेतला, एका कार्यालयाच्या सभागृहात. शिकवायला तालुक्याच्या प्रयोगशाळेतले धम्मदीप सर आले होते. बारीक अंगाचा, हळू बोलणारा तरुण. त्यानं फळ्यावर एक गोल काढला आणि म्हणाला, "प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. हा अणू. मधे केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन."

"तुमी बघितलाय का?" नंदाबाईनं विचारलं.

बाकीच्या बायका पोह्यांच्या ताटल्यांमागे हसल्या.

"नाही मावशी," धम्मदीप म्हणाला. "मी नाही बघितला."

"मग कुनी बघितला?"

"साध्या डोळ्यांनी कुणीच नाही. तो काय करतो ते दिसतं. त्यावरून तो आहे असं धरायचं. नाही पटलं तर पुन्हा करून बघायचं."

हे उत्तर नंदाबाईला आवडलं. आजवर तिला भेटलेला प्रत्येक जाणकार माणूस, मग तो बियाणं विकणारा असो की देवऋषी, 'मी स्वतः बघितलंय' असंच म्हणत आला होता. न बघितल्याची कबुली देणारा हा पहिलाच. तिनं पोहे बाजूला ठेवले.

मग धम्मदीपनं मिठाचा विषय काढला. सोडियम नावाचा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन नावाचा वायू छातीत गेला तर माणूस जातो. सोडियमच्या अणूनं आपला एक इलेक्ट्रॉन सोडला, क्लोरीनच्या अणूनं तो घेतला, की दोघांचे होतात आयन. एक अधिक, एक उणा. ते एकमेकांना धरून बसले की झालं मीठ.

"आनि ते आमी आमटीत घालतो?"

"रोज."

"सोडला तो सोडला. पन त्यानं घेतला हे कशावरून? तिसऱ्यानंच न्हेला आसंल तर?"

धम्मदीपनं खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशी, रसायनशास्त्र म्हणजे एवढाच प्रश्न आहे. इथं काही नाहीसं होत नाही. एकाकडून सुटलं की ते दुसऱ्या कुणाकडे तरी सापडतंच. सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही."

त्यानंतर आठवडाभर नंदाबाईनं मिठाच्या बरणीकडे जरा तिरक्या नजरेनं बघितलं. पण ते शास्त्र मात्र तिला एकदम घरचं वाटलं. कुणाचं काय सुटलं आणि ते कुणाकडे गेलं, हे ती गेली वीस वर्षं शोधतच होती.

तिला एक निळी पेटी मिळाली. आत छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचे चौकोन छापलेला एक तक्ता. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, जो रंग येईल तो तक्त्यावर जुळवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. नंदाबाई प्रत्येक तपासणी दोनदा करी. वहीत सही करताना आजूबाजूला कुणी नाही ना ते बघे.

वाडीच्या वर टेपावर, म्हणजे छोट्या टेकाडावर, सिमेंटची टाकी होती. तिला आजवर झऱ्याचं पाणी यायचं. पण झरा उन्हाळ्यात करंगळीएवढा होतो, म्हणून या फाल्गुनात खालच्या गावातल्या कोंडाजी आबांच्या जमिनीत बोअर पाडली होती. कोंडाजी आबा हे गावातले मोठे जमीनदार. त्यांनी बोअरला जागा दिली तेव्हा वाडीला आनंद झाला आणि नंदाबाईला काळजी लागली. ज्या माणसानं कधी बांधावरचं गवत कापू दिलं नाही, तो पाणी का देतोय? उत्तर लवकरच कळलं. लोणावळ्यात जागा उरली नाही म्हणून बंगलेवाले आता नाणे मावळात उतरू लागले होते, आणि बोअर लागलेली जमीन त्यांना दाखवायला बरी पडते. एवढं कळल्यावर नंदाबाई जरा निवांत झाली. स्वार्थ दिसला की तिला माणूस ओळखीचा वाटे.

टाकीभोवती तारेचं कुंपण होतं. त्याच्या दाराला कुलूप लावायचा आग्रह नंदाबाईचाच. "कोन कवा काय टाकंल सांगता येत न्हाई," असं तिनं ग्रामसभेत बजावलं होतं. किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे आणि दुसरी येसूकडे. येसू हा वाडीतला साठीचा, कमी बोलणारा माणूस. मोटर चालू-बंद करणं आणि टाकीत जंतू मारायची ती पांढरी पावडर टाकणं, जिला सगळा तालुका टीसीएल म्हणतो, ही त्याची कामं.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी वळीव येऊन गेला. सोमवारी सकाळी वाडीच्या नळांना काळं पाणी आलं.

काळं म्हणजे शाईच्या दौतीत पेलाभर पाणी ओतल्यावर जसं दिसेल तसं, निळसर-काळपट. पण उंबरटेपवरून बातमी खाली गावात पोचली तोवर ते डांबर झालं होतं, आणि कामशेतला पोचली तेव्हा चार माणसं दवाखान्यात होती. प्रत्यक्षात दवाखान्यात कुणी नव्हतं. रविवारी संध्याकाळी अंधारात पाणी भरून प्यायलेल्या सात-आठ जणांना पहाटे दोन-तीनदा डबा घेऊन जावं लागलं होतं, इतकंच. पण काळं पाणी आणि सात-आठ डबे एवढ्यावर वाडीचं मत बनायला वेळ लागला नाही.

"विष," माऊली म्हणाला.

माऊली हा वाडीचा पंचायत सदस्य, पस्तिशीचा, आवाजानं मोठा. त्यानं एक बाटली काळ्या पाण्यानं भरून घेतली आणि तिला वरून फडकं बांधलं. "आबाला जागा विकायचीय. बंगल्यावाल्यांना वाडीचा पाइप नको. म्हनून कायतरी वतलंय. उद्या दोनच्या जीपनं आपुन पोलिसात जायाचं."

ही गोष्ट तासाभरात कोंडाजी आबांपर्यंत गेली आणि तासाभरात त्यांचं उत्तर परत आलं. ज्या दिवशी पोलीस बोअरपाशी उभा राहील, त्या दिवशी मोटरीची केबल काढून गोठ्यात ठेवीन, मग प्या झरा.

झरा तेव्हा करंगळीएवढाही नव्हता. वैशाखाचे पंधरा दिवस, सगळा जेठ, आणि तीस-पस्तीस घरं.

माऊली नंदाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. "मावशी, वहीत लिव्ह. पान्यात विष सापडलं आनि खाली सही कर. तुझ्या वहीला सरकारी मान हाय."

"तपासल्याबिगर?"

"तपास की! तुला कोन अडवतंय? पन लिवायचं विषच."

नंदाबाईनं पेटी उघडली. क्लोरीन बघितला, बरोबर. आम्लता बघितली, ठीक. नळी उन्हात धरली, हुंगली. पेटीत बारा बाटल्या होत्या आणि त्यातली एकही विषाची नव्हती. सरकारनं खारटपणा धरला होता, कडकपणा धरला होता, पण दुष्टपणा धरला नव्हता.

मग तिनं आपली जुनी पद्धत काढली. एकेकावर संशय घेतला. पहिला कोंडाजी आबांवर, कारण ते सोयीचं होतं. पण विष घालायचं तर आबांना कुंपणाचं दार उघडावं लागणार. किल्ली दोघांकडेच. मग येसू.

येसू टाकीच्या पायरीवर विडी ओढत बसला होता.

"पावडर किती टाकलीस?"

"रोजची."

"कुनी दिलेली? नवी पिशवी का जुनी?"

"नंदे," येसू शांतपणे म्हणाला, "तू म्हशीला सोडत न्हाईस, मला काय सोडशील. ही बघ पिशवी. घरी घिऊन जा, नखावर घिऊन बघ."

तिनं खरंच पिशवी नेली. रात्री तिला माऊलीवर संशय आला, कारण पंचायतीची निवडणूक सहा महिन्यांवर होती. सून सारिका भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, आता वाडीत तुमी न् मी राहिलो."

"तू हाईस व्हय अजून," नंदाबाई म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिनं अंगणात हिरडा पसरला. वैशाखात कोवळा बाळहिरडा झोडून आणायचा, देठं काढायची आणि कडक उन्हात काळा खडखडीत होईपर्यंत वाळवायचा, हे वाडीत घरोघर चालतं. आठ दिवस वाळत घातलेला तिचा हिरडा रविवारच्या पावसानं भिजला होता, म्हणून पुन्हा निवडायला घेतला. तासभर देठं खुडून बोटं चिकट, तुरट झाली. तेवढ्यात आठवलं की बोअरच्या तोंडाचं पाणी अजून तपासलेलं नाही. विष टाकीत नसेल, तर मुळातच असेल. ती तशीच उठली. सारिकाला बाटली घेऊन बरोबर घेतलं आणि दोघी खाली आबांच्या वावरात गेल्या. येसूनं मोटर चालू केली. पाणी काचेसारखं स्वच्छ. सारिकानं बाटली विसळली, भरली. नंदाबाईनं पाण्याखाली हात धुतले.

चढ अर्धा झाला तेव्हा तिचं लक्ष बोटांकडे गेलं. बोटं काळीनिळी पडली होती.

"सारिके! बोअरीतच घातलंय! बघ माजा हात!"

सारिकानं आपले हात पुढे केले. तेही त्याच पाण्यात भिजले होते. ते स्वच्छ होते.

दुसरी कुणी असती तर धावत माऊलीकडे गेली असती. नंदाबाई रस्त्यातच खाली बसली. एकच पाणी. एक हात काळा, एक पांढरा. म्हणजे पाणी एकटं दोषी नाही. मग माझ्या हाताला असं काय आहे जे हिच्या हाताला नाही? तिनं बोट जिभेला लावलं. तुरट.

घरी येऊन तिनं स्टीलचे चार पेले मांडले. एकात झऱ्याचं पाणी, एकात बोअरचं. तिसऱ्यात झऱ्याचं पाणी आणि ठेचलेला हिरडा. चौथ्यात बोअरचं पाणी आणि ठेचलेला हिरडा. समोर पाट घेऊन ती पेल्यांवर राखण करत बसली. सारिकाला तिनं चार हात लांब उभं केलं.

पहिले दोन तसेच राहिले. तिसरा चहासारखा पिवळट झाला. चौथा आधी पिवळट झाला, मग कडेनं करडा, आणि नळाला आलेल्या पाण्याचा रंग घेऊन थांबला.

नंदाबाईनं चारही पेले ओतून दिले, घासले आणि पुन्हा मांडले. पुन्हा चौथाच.

मग तिनं धम्मदीपला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेटीतली लोहाची बाटली उघडलीय का कधी?"

उघडली नव्हती. झऱ्याच्या पाण्यात लोखंड नसे, आणि बोअर नवी. ती तपासणी पावसाळ्याआधी करायची होती. तिनं तिथंच बोअरच्या पाण्यात थेंब टाकले. नळी शेंदरी झाली. तक्त्यावर तो रंग एक आणि तीन या दोन चौकोनांच्या मधे बसत होता. चालतो तो आकडा एक.

"जमिनीखाली हवा नसते," धम्मदीप सांगू लागला. "तिथं लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात विरघळून फिरतो. दिसत नाही, म्हणून पाणी स्वच्छ वाटतं. वर आला, हवा लागली, की तिसरा सोडतो."

"कुनाकडं जातो तिसरा?"

"हवेतल्या ऑक्सिजनकडे. मग तो तांबूस होऊन खाली बसतो. हंड्याला तांबडी कड धरते का?"

धरत होती. सगळे म्हणायचे, नव्या पायपाचा गंज. नंदाबाईला ते तेव्हाच खटकलं होतं, कारण पाइप प्लास्टिकचा होता.

"पण त्याला वाटेत हिरड्यातलं तुरट द्रव्य भेटलं, तर दोघं मिळून काळा रंग करतात. ही अभिक्रिया. पूर्वी अशीच शाई बनवायचे. विषबिष काही नाही. लिंबू पिळून बघा, उडेल रंग. आणि हिरड्यानं पोट साफ होतं हे तुम्हाला मी सांगायला नको."

"मंग आता बोअर बंद करायची?"

"काही गरज नाही. टाकीत पाणी सोडताना भोकं पाडलेल्या पत्र्यावरून, उंचावरून सोडा. हवा लागेल, लोखंड तळाशी बसेल, वरचं पाणी घ्या. मात्र एक सांगा मावशी, टाकीत हिरडा आला कुठून?"

नंदाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"टाकीच्या वर वाळत घातल्याला. पाऊस आला, झाकनाच्या फटीतून रस उतरला आसंल."

"कुणाचा?"

"हाय एक बाई," ती म्हणाली.

टाकीचा माथा म्हणजे टेपावरची सगळ्यात सपाट आणि सगळ्यात उन्हाची जागा. गेली तीन वर्षं तिथं वाडीतलं शेरडू चढलं नव्हतं की पोर चढलं नव्हतं, कारण कुलूप होतं. येसूच्या घरी हिरडा वाळवायला कुणी नव्हतं. उरली एक किल्ली. वीस वर्षांत नंदाबाईनं अख्ख्या मावळावर संशय घेतला होता. स्वतःवर घ्यायला तिला सवड झाली नव्हती. तीन वर्षं पाऊस पडला की थोडा हिरडा टाकीत उतरत असणार. झऱ्याच्या पाण्यात तो नुसता पिवळट होऊन गेला. या साली खाली लोखंड भेटलं.

दीड वाजता लोक टाकीपाशी जमले. माऊलीकडे फडकं बांधलेली बाटली होती. कोंडाजी आबाही वर आले होते. सत्तरीचा माणूस चढ चढून धापा टाकत होता, आणि डोळ्यांत वाडीतल्या प्रत्येकाबद्दल एकेक शंका होती.

"लिवलं का मावशी?" माऊलीनं विचारलं.

"लिवते. आदी बघा."

तिनं चार पेले मांडले, कशात काय आहे ते सांगितलं. सगळे वाकून बघत राहिले. चौथा पेला हळूहळू काळवंडला तशी एक म्हातारी "आगं बया" म्हणाली.

"आता लिंबू द्या कुनीतरी," नंदाबाई म्हणाली.

लिंबाचं नाव निघताच दोन बायका मागे सरकल्या. सारिकानं आणलेलं लिंबू नंदाबाईनं पेल्यात पिळलं. काळा रंग फिका होत होत गेला.

"किती दिलं आबानं?" माऊली मोठ्यानं म्हणाला.

"मला इच्यारतोस व्हय रं?" आबा उसळले. "हिला मी पानी पाजलं न्हाई कदी, पैसा कुटला देतोय!"

"माज्यावर इस्वास ठिवू नगंस माऊली," नंदाबाई म्हणाली. "म्याच ठेवला न्हाई. तुज्या घरचा हिरडा आन, तुज्या हातानं ठेच, पानी तू भर. मी हात लावनार न्हाई."

माऊलीनं केलं. स्वतःच्या घरचा हिरडा, स्वतःचा पेला, आणि पाणी तो स्वतः धावत जाऊन बोअरवरून घेऊन आला. दोनची जीप तेवढ्यात खाली भोंगा वाजवून निघून गेली. त्याच्या हातातला पेला काळा पडला आणि तो त्याकडे असा बघत राहिला, जणू पेल्यानं पक्ष बदलला होता.

"पन टाकीत हिरडा घातला कुनी?" त्यानं विचारलं.

"म्या."

मग येसूला हसू फुटलं. तो इतका हसला की विडी विझली. "कुलूप घाला म्हने, कोन कवा काय टाकंल!"

मग सगळीच हसली. पहाटे डबा घेऊन धावलेला एक म्हातारा म्हणाला, "नंदे, कामशेतच्या डाक्तरनं चार म्हैने झाले गोळ्या दिल्यात, गुन न्हाई. तू एका रात्रीत केलंस." नंदाबाई हसली नाही. तिनं वही उघडली, पेन काढलं.

तेवढ्यात कोंडाजी आबा पुढे झाले. "झालं न्हवं? माजा दोस न्हाई. लिव्ह, हिरड्यानं पानी काळं झालं. पन ते लोखंडाचं लिवायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजी? सरकारी वहीत माज्या बोअरीत लोखंड हाय म्हनून आलं तर ती जमीन कोन बघाया यील? लिवलंस तर केबल काडतो. न्हाई लिवलंस तर मोटर चालू. पोलीस न्हाई, भांडान न्हाई."

मग वाडीचं मत पुन्हा बनलं, आणि याही वेळी वेळ लागला नाही.

"मावशी, न्हाई लिवलं तर काय बिगाडतंय?" माऊली आता हळू आवाजात बोलत होता. "हिरडा टाकीवर घालू नगंस म्हंजी झालं. पानी तर हाय ना चालू."

"काल विष लिव्ह म्हनत हुतास."

"काल कालचं."

सारिकासुद्धा म्हणाली, "आत्याबाई, जेठ काडायचाय."

नंदाबाईला जेठ दिसत होता. झऱ्यापाशी हंड्यांची रांग, रांगेत भांडणं, आणि तिच्या सहीमुळे बंद पडलेली मोटर. तिनं पेनाचं टोपण लावलं. वाडीनं श्वास सोडला. मग तिनं टोपण पुन्हा काढलं.

"आबा," ती म्हणाली, "बसा हितं. मला येक सांगा. काळं पानी कामशेतपातुर गेलंय. लोक इच्यारनार, कशानं झालं. मी लिवलं नुसतं हिरड्यानं. उद्या बंगल्यावाला म्हनंल, हिरडा तर झऱ्याच्या पान्यातबी पडत हुता, तवा का न्हाई काळं झालं? आता काय जबाब द्यायाचा?"

आबांनी माऊलीकडे बघितलं.

"एकट्या हिरड्यानं हुत न्हाई. दुसरं कायतरी पायजे. ते बोअरीतनंच आलंय. त्याला नाव दिलं न्हाई तर लोक आपल्या मनानं देनार. आनि लोकांनी सोमवारीच दिलंय." तिनं माऊलीच्या हातातल्या फडकं बांधलेल्या बाटलीकडे बोट केलं. "तुमच्या बोअरीत दोन्हीपैकी येक लिवावंच लागनार. लोखंड लिवू का इष?"

कोंडाजी आबांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. लोखंडाला पत्र्यावरून पाणी सोडायचा उपाय होता, तो नंदाबाईनं त्यांना सांगितला. विषाला उपाय नव्हता, हे सांगायची गरज पडली नाही.

"लोखंड लिव्ह," ते शेवटी म्हणाले. "पन कमी लिव्ह."

"जेवडं हाय तेवडं लिवनार."

"मंग पत्रा मी देतो. गोठ्यावरचा हाय येक. पन केबलीला हात लावला तर याद राखा."

"केबल तुमचीच हाय, आबा."

तिनं लिहिलं. लोह, एक आणि तीनच्या मधे, मर्यादेपेक्षा जास्त. खाली हिरडा, टाकीच्या माथ्यावर वाळत घातलेला. कुणाचा, तेही लिहिलं, आणि सही केली. माऊलीनं बाटलीचं फडकं सोडून ती तिथंच करवंदीच्या जाळीत ओतली. लोक पांगायला लागले. टाकी रिकामी करून घासायला येसू वर चढला.

कोंडाजी आबा मात्र हलले नाहीत. ते वहीतल्या आकड्याकडे बघत होते.

"ह्यो रंग जुळवला कुनी?"

"म्या."

"एकटीनंच?"

"व्हय."

"मला करून दाव. तुज्यावर माजा भरवसा न्हाई."

नंदाबाईनं त्यांच्याकडे वर बघितलं. गेल्या वीस वर्षांत तिच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. तिनं नळी धुतली, बोअरचं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी त्यांच्या हातात दिली. मग पायरीवर बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. आबांनी तक्ता उन्हात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेंदरी पाण्याची नळी एकेका चौकोनाशेजारी नेऊन बघू लागले.

"ह्यो येकाचा दिसतोय," ते म्हणाले.

"तीनाकडं झुकलाय. सावलीत बघू नगा, उन्हात धरा."

"धरलाय की उन्हात."

"मंग पुन्हा बघा," नंदाबाई म्हणाली, आणि आबांनी पुन्हा बघितलं.